विशेष बदल नाही

सोमवारी सकाळी मी येत्या आठवड्याचं हवामान लिहिते.
आकाश निरभ्र. पहाटे विरळ धुकं.
किमान तापमान बारा ते चौदा अंश,
गुरुवारी एक-दोन अंशांनी घट.
त्यानंतर विशेष बदल नाही.
एकवीस वर्षं हेच मोजके शब्द
आलटून पालटून,
एका उशीला दोन अभ्रे असावेत तसे.

बारा म्हणजे कुठले बारा, हे कुणी विचारत नाही.
शिवाजीनगरच्या हिरवळीवर एक पांढरी लाकडी पेटी आहे,
झडपांची, माणसाच्या छातीच्या उंचीवर.
वारा तिच्यात गाळून येतो, ऊन येतच नाही.
तिच्या आतल्या सावलीतले हे बारा.
तिथे कुणी राहत नाही.

पाषाणला त्याचे दहा होतात, लोहगावला पंधरा.
कसब्यात थंडी बोळात शिरते
आणि वळायला जागा नाही म्हणून मागच्या पावली परत जाते.
नदीकाठी, पुलाखाली किती,
त्याचं आमच्याकडे केंद्र नाही.

अप्पा बळवंत चौकात पहाटे
पेपरात पुरवण्या घालत बसतो निवृत्ती काळोखे.
रात्रपाळीहून परतताना मी अंक घ्यायला थांबले, तर म्हणाला,
"मॅडम, तुमचे बारा पान पाचवर छापलेत.
हाताला आठच लागतात."
मी त्याला पेटी, उंची, सावली, सगळं समजावलं.
त्याने ऐकून घेतलं
आणि कालचा एक शिळा अंक दिला, स्वेटरच्या आत धरायला.
"स्कूटरवर वारा लागतो."
वारज्यापर्यंत माझं पान पाच
माझ्याच छातीवर कुरकुरत राहिलं.

दिवाळीनंतर आई माझ्याकडे राहायला आली आहे,
तळेगाव ढमढेऱ्याच्या घराला कुलूप लावून.
चौथा मजला, तिन्ही बाजूंनी शेजारी.
तिला इथली थंडी मान्य नाही.
"तिकडे एव्हाना खोबरेल थिजतं," ती म्हणते,
आणि न्हाणीघरातली निळी बाटली उलटी करून दाखवते.
तेल खाली येतं, बिनदिक्कत, पाण्यासारखं.
"छाप तुझे बारा."

बाल्कनीत ठेवून बघ, मी म्हटलं.
"बाहेर ठेवून काहीही थिजेल," ती म्हणाली.
"बाटली जागची हलवायची नाही."
हे वाक्य मला नोकरीच्या पहिल्या दिवशी
साहेबांनी सांगितलं होतं,
जवळजवळ त्याच आवाजात.

बुधवारी रात्री ती झोपल्यावर
मी बाटली उचलली आणि बाल्कनीच्या कठड्यावर ठेवली,
तुळशीच्या कुंडीमागे.
एकवीस वर्षांत मी दशांशाचाही आकडा बदललेला नाही.
सुट्टीच्या दिवशी नाही, तापात नाही,
सगळे विचारत होते "यंदा थंडी आहे की नाही"
आणि पारा हलत नव्हता, त्या वर्षीसुद्धा नाही.
पाचला उठून पाहिलं:
कडेकडेने पांढरं धरलेलं,
मधे एक बुबुळाएवढं अजून पातळ.
थोडं थांबले. खाली रखवालदाराची शेकोटी धुरकटत होती,
दूधवाल्याची सायकल धुक्यातून आधी ऐकू आली, मग दिसली.
मग बुबुळ मिटलं.
बाटली जागच्या जागी ठेवून दिली.

सहाला न्हाणीघरातून हाक आली.
"अगं, थिजलं! गुरुवारीच. तू म्हणाली होतीस तसं."
बाटली तिच्या हातात उलटी, एक थेंब पडत नव्हता.
बुडाला बाहेरचं दंव अजून ओलं होतं,
झाकणाला तुळशीची एक वाळकी मंजिरी.
तिने मंजिरी काढली. कानामागे खोचली.
बूड पदराने कोरडं केलं, सावकाश,
आणि मला काही विचारलं नाही.
"ऊन आलं की बाहेर ठेव," एवढंच म्हणाली,
"न्हायच्या आधी वितळायला हवं."

कार्यालयात पेटी उघडली: अकरा पूर्णांक चार.
तसंच लिहिलं.
केसांना वास होता तेलाचा.